ब्रिटिशकालीन घराची दुरुस्ती: कोणते काम आधी, कोणते नंतर

‘आधी भिंती नीट करून घेऊ, छपराचं पुढच्या वर्षी बघू.’ शंभर-सव्वाशे वर्षांच्या घराच्या दुरुस्तीची सुरुवात बहुतेक वेळा या वाक्याने होते आणि काम तिथेच बिघडते. जुने चुन्याचे प्लास्टर पाडून सिमेंटचे केले जाते, वर प्लास्टिक पेंट चढतो. दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटू लागतात, कमरेपर्यंत असलेला लोणा (भिंतीत खालून चढणारी खारट ओल) खांद्यापर्यंत चढतो आणि तुळयांची टोके भिंतीच्या आत गुपचूप कुजत राहतात. गवंड्याचा हात वाईट असतो असे नाही. सामान चुकीचे असते आणि क्रम उलटा असतो.

ही घरे दगड किंवा वीट आणि चुना यांची आहेत. दीड-दोन फूट जाडीची भिंत पावसात पाणी पिते आणि पुढचे आठ महिने ते सांध्यांतून, प्लास्टरमधून बाहेर टाकते. सिमेंट आणि प्लास्टिक पेंट ही बाहेर पडण्याची वाट बंद करतात. पाणी मग आत लाकडाकडे वळते किंवा भिंतीत वर चढते. म्हणून पुढचा सगळा क्रम एकाच गोष्टीवर उभा आहे: पाणी थांबवा, भिंत वाळू द्या, आणि मगच प्लास्टरला हात लावा.

हा लेख पुण्या-नाशिककडचे बंगले, कॅन्टोन्मेंटमधली घरे, माथेरान-महाबळेश्वर-पाचगणीचे कौलारू बंगले, कोकणातली जांभ्याची घरे आणि मुंबईतल्या जुन्या दगडी-विटांच्या इमारती यांच्यासाठी आहे. मुंबईच्या १९३०-४० मधल्या आर्ट डेको इमारती मुख्यतः आरसीसीच्या आहेत. त्यांचे दुखणे वेगळे, इलाजही वेगळा.

तपासा: भिंतीचा सांधा खिळ्याने खरवडा. पांढरट किंवा तांबूस भुकटी सहज निघाली तर चुना. करडा रंग आणि खिळा नुसताच घासत असेल तर सिमेंट. एकाच घरात दोन्ही सापडणे अगदी नेहमीचे आहे. कुठे काय आहे ते आराखड्यावर टिपून ठेवा.

## वर्षाचे गणित आधी मांडा

एका हंगामात सगळे उरकायचा हट्ट हीच पहिली चूक. कामाचा हिशेब ऋतूंवर करावा लागतो. पावसाळ्यात फक्त पाहणी करायची, कारण गळती कुठून येते हे जुलैतच कळते, मार्चमध्ये नाही. दिवाळीनंतर छपराचे काम काढायचे. त्याच हिवाळ्या-उन्हाळ्यात जोत्याभोवतीचा निचरा आणि लाकडाची दुरुस्ती होते. मग मधला पावसाळा जाऊ द्यायचा. नवे छप्पर टिकते की नाही याची तीच परीक्षा. प्लास्टर आणि सफेदी लवकरात लवकर दुसऱ्या हिवाळ्यात.

जाड भिंतीला वाळायला इंचाला साधारण एक महिना, असा ठोकताळा आहे. दीड फुटाच्या भिंतीचे गणित तुम्हीच करा. घाई केली की ओलीवरच प्लास्टर बसते.

## टप्पा १: नोंद

हातोडी उचलण्याआधी घर जसे आहे तसे कागदावर उतरवा. बाहेरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरत प्रत्येक बाजूचा समोरून फोटो घ्या. आत प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, वरचा कडीपाट, खालची फरशी. फोटोत एक मोजपट्टी धरा, म्हणजे कठड्याचा एखादा मोडलेला दांडा पुन्हा करायची वेळ आली तर माप मिळते. हातानेच नकाशा काढा, खोल्यांना क्रमांक द्या, दारे-खिडक्यांना उपक्रमांक द्या. जे जे काढून ठेवणार आहात, मग ती झिलमिली असो, बिजागरी असो की कठड्याचा तुकडा, त्याला तोच क्रमांक दोऱ्याने बांधा. दर्शनी लाकडावर मार्करने लिहू नका. तो रंग लाकडात मुरतो.

भिंतीला तडे असतील तर प्रत्येक तड्यावर आडवी पातळ काचेची पट्टी जिप्समने दोन्ही टोकांना चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. पावसाळा उलटेपर्यंत काच शाबूत राहिली तर तडा जुना आणि शांत आहे. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. अशा वेळी गवंडी नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवायचा.

सावधान: हलत्या तड्यात सिमेंटचे पाणी ओतून तो बुजवू नका. भिंत पुढे शेजारच्या मऊ दगडातून फाटते.

## टप्पा २: कागद आणि परवानग्या

कंटाळवाणे, पण मधेच काम थांबण्यापेक्षा बरे.

जागा कुणाच्या नावावर आहे ते मालमत्ता पत्रकावर किंवा सातबाऱ्यावर पाहा. पुणे, देवळाली, कामठी अशा कॅन्टोन्मेंटमधले बरेच जुने बंगले ओल्ड ग्रँटचे आहेत. तिथे जमीन सरकारची असते आणि बांधकामात बदल करायला कॅन्टोन्मेंट बोर्डाची मंजुरी लागते. हिल स्टेशनांवर जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात, त्याच्या अटी वाचा. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून आणि माथेरान २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र आहे. तिथली बंधने नेहमीच्या नगरपालिकेच्या नियमांपेक्षा कडक आहेत.

घर वारसा यादीत आहे का, हे महापालिकेच्या वारसा कक्षात विचारा. मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि इमारतींना १, २-अ, २-ब, ३ अशा श्रेणी आहेत. श्रेणी १ मध्ये आतबाहेर जवळजवळ काहीच बदलता येत नाही, श्रेणी ३ मध्ये बरीच मोकळीक असते. पुण्यात आणि नागपुरातही अशा याद्या आहेत. तुमचे घर यादीत नसले तरी अख्खा परिसर असू शकतो, तेही विचारा. राष्ट्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल तर २०१० च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र धरले जाते. तिथल्या जुन्या घराची दुरुस्ती होऊ शकते, पण परवानगी घेऊनच.

अर्जाला टप्पा १ मधले फोटो जोडा. ‘नूतनीकरण’ असा मोघम शब्द लिहू नका. ‘कौले काढून त्याच मापाची परत बसवणे’, ‘चुन्याच्या प्लास्टरची चुन्यात दुरुस्ती’ असे नेमके लिहिले की शंकेला जागा राहत नाही.

## टप्पा ३: घरातल्या वस्तू हलवणे

काम सुरू होण्याआधी वस्तू हलवायच्या, सुरू झाल्यावर नाही. चुन्याची धूळ अल्कलीयुक्त असते. ती पॉलिशवर, तसबिरींवर आणि पुस्तकांवर बसली की निघता निघत नाही.

लंबकाचे घड्याळ हलवताना आधी लंबक आणि वजने काढा. लंबकासकट उचलले तर ज्या पातळ पोलादी पट्टीवर तो टांगलेला असतो ती मोडते. संगमरवरी टेबलाचा वरचा दगड आणि मोठे आरसे उभे धरून न्यायचे. आडवे धरले तर स्वतःच्याच वजनाने मधोमध तुटतात. खुर्ची हातांना धरून नव्हे, बैठकीखालून उचला. हंड्या-झुंबरांचे लोलक काढण्याआधी कोणता कुठे होता त्याचा फोटो घ्या. जुन्या छायाचित्रांना आणि नकाशांना चिकटपट्टी लावू नका, चौकटीतून ओढून काढू नका.

बांधून ठेवताना सुती कापड वापरा. प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून पावसाळ्यात ठेवलेल्या वस्तूला हमखास बुरशी येते. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला तेवढे पुरते, आणि कोकणात नि घाटमाथ्यावर ती चार महिने त्याच्यावरच असते. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून, जमिनीपासून फळ्यांवर उचलून ठेवा. माळ्यावर ठेवू नका, पहिले काम तिथेच सुरू होणार आहे.

तुळईला असलेले हातपंख्याचे आकडे, दोरीच्या कप्प्या, झोपाळ्याच्या कड्या यांना ‘निकामी लोखंड’ म्हणून काढू देऊ नका. घर कसे वापरले जायचे याचा पुरावा बहुतेक वेळा एवढाच उरलेला असतो.

आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षे किंवा त्याहून जुन्या कलावस्तू, आणि ७५ वर्षे किंवा त्याहून जुनी ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरू शकतात. जुनी शिल्पे, चित्रे, सचित्र हस्तलिखिते यांची नोंदणी करावी लागते आणि पुरावस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. दुरुस्तीच्या गडबडीत दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला किंवा ‘अँटिक’वाल्याला काहीही देण्याआधी यादी डोळ्यांखालून घाला.

सावधान: पितळेच्या मुठी, बिजागऱ्या, दिवे घासून चकचकीत करू नका. प्रत्येक घासणीत धातू झिजतो, आणि कोरलेले नाव किंवा कारखान्याचा शिक्का आधी जातो. कोरड्या मऊ कापडाने पुसणे पुरे.

## टप्पा ४: वरून येणारे पाणी

४.१ मंगळूरी कौलांचे छप्पर वरून, म्हणजे आढ्याकडून, खाली उतरवत न्यायचे आणि परत बसवताना पागोळीकडून वर चढवायचे. संध्याकाळपर्यंत जेवढे झाकता येईल तेवढेच सकाळी उघडा. अवकाळी सर सांगून येत नाही.

४.२ प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगले, बद्द आला तर आत तडा आहे. चांगली कौले कडेवर उभी करून ठेवा. आडवी थप्पी रचली की खालची फुटतात.

४.३ नवी कौले घेण्याआधी जुन्या कौलाच्या पोटावर कारखान्याचा शिक्का पाहा. मंगळुरात १८६५ मध्ये बासेल मिशनने कारखाना काढल्यानंतर अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाची खाच थोडी वेगळी. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही आणि त्याच फटीतून पाणी येते. नमुन्याचे कौल हातात घेऊन जुन्या मालाच्या वखारीत फिरा. जुळणारी पुरेशी मिळाली नाहीत तर जुनी सगळी एका उतारावर एकत्र करा आणि दुसऱ्या उतारावर नवी घाला. तिथे रिपांचे अंतर नव्या कौलाच्या मापाने बदलावे लागेल.

४.४ सर्वांत जास्त गळती कौलांच्या मैदानात नसते. दोन उतार जिथे आत मिळतात ती पन्हळ आणि भिंतीला छप्पर टेकते तो सांधा, ही खरी ठिकाणे. पन्हळीतला पत्रा गंजला असेल तर तुकडे जोडत बसू नका, सबंध बदला आणि दोन्ही बाजूंनी कौलांखाली चांगला हातभर आत घ्या.

सपाट गच्ची असेल तर गोष्ट वेगळी. जुन्या कोब्यावर (गच्चीवरच्या विटांचे तुकडे आणि चुन्याच्या थरावर) आणखी एक कोबा हा मुंबईतला नेहमीचा तोडगा, आणि तो धोक्याचा आहे. प्रत्येक थराचे वजन त्याच जुन्या तुळयांवर पडते. आधीचा सैल कोबा काढून, उतार नीट करूनच नवा घाला.

नेहमीच्या चुका: कौलांखाली थेट प्लास्टिकचा कागद पसरणे (ओल अडकून रिपा आणि वासे कुजतात). कौले सिमेंटने जाम करणे (एक फुटले की चार फोडावी लागतात). कौलांवर वॉटरप्रूफिंगचा रंग मारणे.

तपासा: काम झाल्यावर पाइपने पाणी मारून पाहा, पण पागोळीपासून सुरू करून हात-हात वर सरकत. एकदम आढ्यावरून सोडले तर गळती कुठली ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला हवा.

## टप्पा ५: खालून येणारे पाणी

जोत्याभोवती चक्कर मारा. शंभर वर्षांत रस्ता वर आला, अंगणात पेव्हर ब्लॉक बसले, बागेची माती भिंतीला टेकली. मूळ जोते दोन फूट होते, आता वीतभर दिसते. लोणा चढण्याचे खरे कारण बहुधा हेच असते. त्यावर भिंतीला रसायने टोचायला निघण्याआधी माती खोदा.

बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा निदान वीतभर खाली आली पाहिजे आणि उतार घरापासून दूर गेला पाहिजे. भिंतीलगतचा दोन-तीन फुटांचा पट्टा सिमेंटने बंद न करता खडी घालून मोकळा ठेवा. जमिनीतली वाफ तिथून निघून जाते. पट्टा काँक्रीटने बंद केला की तीच ओल भिंतीतून वर निघते. खोदताना पायाच्या तळापेक्षा खाली जाऊ नका.

बिडाचे उभे पाइप भिंतीत गाडलेले असतील तर त्यांच्यामागे ओल शोधा. काही इमारतींत बिडाच्या पोकळ खांबांतूनच पावसाचे पाणी उतरवलेले असते. तो खांब वर तुंबला की आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बीड ठिसूळ असते. त्याला हातोडा मारू नका आणि साध्या वेल्डिंगवाल्याकडे देऊ नका.

भिंतीत पिंपळ उगवला असेल तर तो ओढून काढायचा नाही. मुळे दगड घेऊन येतात. खोड कापा, मूळ मरेपर्यंत औषध द्या, मग तेवढे दगड क्रमांक घालून सोडवा, मूळ काढा आणि दगड चुन्यात परत बसवा.

## टप्पा ६: लाकूड, लोखंड, वीज

तुळईची खरी तपासणी मध्यावर होत नाही. तिची टोके भिंतीत असतात आणि सड तिथेच लागते. टोच्या घेऊन भिंतीलगत, शक्य तर वरच्या बाजूने, टोचून पाहा. सागाचा गाभा टोच्याला दाद देत नाही. टोच्या सहज आत शिरला तर तेवढा भाग गेलेला आहे. अख्खी तुळई बदलायची गरज क्वचितच पडते. सडलेला भाग कापून त्याच जातीचे जुने लाकूड सांध्याने जोडता येते, गरज पडल्यास बाजूंनी पोलादी पट्ट्या. परत बसवताना टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा आणि ती गिलाव्याने बुजवू नका. लाकडाला तिथे वारा लागला पाहिजे.

सावधान: तुळईला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंना धिरे (तात्पुरते टेकू) द्या. वरच्या मजल्यावर काम असेल तर धिरे खालच्या मजल्यातून थेट जमिनीपर्यंत एकाखाली एक आले पाहिजेत. मधल्या कडीपाटावर टेकवलेला धिरा म्हणजे दुसऱ्या तुळईवर टाकलेले वजन.

वाळवी दिसली तर मातीचे बोगदे मोडून थांबू नका. ते जमिनीतून कुठून येतात ते शोधा. आतल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिकचे द्रावण चांगले काम करते. रॉकेल नाही, त्याने काही टिकत नाही आणि आगीचा धोका वाढतो.

जुना ऑइलपेंट खरवडताना कोरडा सँडपेपर वापरू नका, त्या काळच्या रंगात शिसे असते. ओला करून खरवडा, मास्क लावा, पापुद्रे गोळा करून बंद पिशवीत भरा, घरात लहान मूल असेल तर त्याला त्या दिवसांत दूर ठेवा. पुढे लाकडाला जवसाचे तेल देणार असाल तर तेलाची चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेते. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

वायरिंग प्लास्टरच्या आधी. जुन्या रबर-कापडाच्या तारा पूर्ण काढा, इथे जतनाचा मोह नको. मात्र नव्या तारांसाठी दगडी भिंतीत ग्राइंडरने खाचा पाडू नका. जुन्या लाकडी पट्टीतून किंवा भिंतीवरून नेलेल्या नळीतून तारा न्या. जतनाचे काम चालू असताना घराला पावसाइतकेच आगीपासून जपावे लागते.

## टप्पा ७: चुना

इथे थोडे सावकाश वाचा. बहुतेकांचे काम याच टप्प्यावर वाया जाते.

७.१ चुना विरवणे. चुनकळी (भट्टीतून आलेला, अजून न विरवलेला चुना) ताजी हवी: हलकी, ढेकळाच्या रूपात. तुकडा पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत तापून फुटला पाहिजे. आधीच भुकटी झालेली आणि पाण्यात न तापणारी कळी मेलेली आहे, ती परत करा. सफेदीसाठी पोत्यात मिळणारी जुनी पूड प्लास्टरला चालत नाही.

हौदात आधी पाणी भरा आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा. कळीच्या ढिगावर पाणी ओतायचे नाही, ते उसळते. पाणी उकळते, म्हणून पातळ प्लास्टिकचा ड्रम वापरू नका. चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या. डोळ्यात थेंब गेला तर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुऊन थेट दवाखाना गाठा. शांत झाल्यावर बारीक चाळणीतून गाळा आणि लगदा पाण्याखाली झाकून ठेवा. दर्जाभरणीला (दगड-विटांमधले सांधे भरायला) किमान १५ दिवस, प्लास्टरला दोन-तीन महिने मुरलेला. अर्धवट विरलेले खडे प्लास्टरमध्ये राहिले की सहा महिन्यांनी फोड येऊन टवके उडतात.

हे काम छप्पर चालू असतानाच सुरू करा, म्हणजे प्लास्टरच्या वेळी चुना तयार असतो.

७.२ वाळू आणि सुरखी (विटांची पूड). वाळू टोकदार, धुतलेली, मातीविरहित. काचेच्या बरणीत पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर मातीचा जाड थर बसला तर वाळू पुन्हा धुवा. खाडीची किंवा समुद्राची वाळू कधीच नाही, तिचे मीठ भिंतीत कायम राहते. सुरखी हलक्या भाजणीच्या विटांची हवी. जळकी झालेली वीट दळून तो गुण येत नाही. सिमेंट लागलेल्या विटांचा चुरा तर नकोच.

७.३ प्रमाण. आतल्या कोरड्या भिंतीला १ भाग लगदा, ३ भाग वाळू. ओलीच्या आणि बाहेरच्या जागी १ भाग लगदा, १ भाग सुरखी, २ भाग वाळू. चुना मळायच्या घाण्यात किंवा पॅन मिक्सरमध्ये चांगले मळून घ्या. पाणी शक्यतो घालूच नका, मळता मळता चुना स्वतःच सैल होतो. बेलफळ, गूळ, हिरडा यांचे पाणी घालायची परंपरा आहे, आणि अनुभवी गवंडी असेल तर जरूर घाला. मात्र नुसत्या ऐकीव मापाने नको.

‘पकड यावी म्हणून थोडे सिमेंट’ ही सूचना हमखास येते. ठामपणे नाही म्हणा. थोडेसे सिमेंट चुन्याला धड बळ देत नाही, उलट क्षार आणते आणि चुन्याची हवा घेऊन घट्ट होण्याची क्रिया बिघडवते.

७.४ नमुना. मागच्या बाजूच्या भिंतीवर एक मीटर बाय एक मीटरचा नमुना करून घ्या आणि महिनाभर पाहा. तडे, भुकटी, रंग. त्यावरूनच गवंडी आणि प्रमाण ठरवा. प्लास्टरचे काम उक्ते देऊ नका. उक्त्यात थर जाड आणि दिवस कमी होतात.

७.५ दर्जा (सांधे भरणे). सांधे छिन्नी-हातोडीने सुमारे इंचभर खोल साफ करा. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा जातात. जुने सिमेंट दगडाचा पापुद्रा घेऊनच निघत असेल तर ते तसेच राहू द्या. सांधा ओला करा, चुना आत दाबून भरा, दगडाच्या तोंडावर लेपू नका.

दगडानुसार जागरूक राहा. दख्खनचा काळा बेसॉल्ट पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे भिंतीतली सगळी ओल सांध्यांतूनच निघते. काळ्या दगडाच्या घराला सिमेंटचा दर्जा म्हणजे ती एकमेव वाट बंद. मुंबईतला पोरबंदरचा दगड चुनखडीचा आहे, त्याला ॲसिड लागले तर दगडच विरघळतो. जांभा सच्छिद्र असतो, त्यावर सिमेंटचा थर पोकळ होऊन ढलप्यांनी सुटतो.

७.६ प्लास्टर. आधी जुने प्लास्टर ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढेच काढा. भरीव वाजणारे शंभर वर्षे टिकले आहे, ते आणखी टिकेल. भिंत आदल्या दिवसापासून ओली करा. पहिला थर सुमारे १० मिमी, त्यावर ओरखडे. तो घट्ट झाल्यावर दुसरा, शेवटी नीरूचा (बारीक गाळलेल्या चुन्याचा) पातळ हात. जाडी भरून काढायची असेल तर थर वाढवा, थराची जाडी नाही. दुसऱ्या दिवशी बारीक तडे दिसले तर घाबरू नका. पाण्याचा हबका मारून लाकडी रंध्याने घोटा, मिटतात. प्रत्येक थरावर ओले तरट टांगून आठवडाभर तरी ओल राखा. उन्हात आणि गरम वाऱ्यात हे काम करू नका. मार्चनंतर सुरू केलेले प्लास्टर बहुधा भुकटी होते.

तपासा: नमुन्याचा छोटा तुकडा मोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झाला तर आतला चुना अजून हवा घेऊन पक्का झालेला नाही. पुढच्या थराची किंवा रंगाची घाई नको.

## टप्पा ८: सफेदी आणि फरशी

चुन्याच्या भिंतीला चुन्याचीच सफेदी. लगदा दुधाइतका पातळ करा, भिंत ओली करा, आणि एक जाड हात देण्याऐवजी चार-पाच पातळ हात द्या, रोज एक. ओला हात पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो. ते न कळल्यामुळेच लोक जाड देतात आणि मग पापुद्रे पडतात. रंग हवा असेल तर पिवडी, काव असे मातीचे रंग. वॉल पुट्टी, पीओपी, प्लास्टिक पेंट यांना या भिंतीवर जागा नाही.

जुन्या मिंटन (इंग्लंडच्या नक्षीदार भाजलेल्या) किंवा नक्षीच्या सिमेंट टाइल्सना ॲसिड लावू नका, रंग कायमचा उडतो. सौम्य साबणाचे पाणी, मऊ ब्रश. सुटलेली टाइल चुन्यातच बसवा.

## टप्पा ९: वस्तू परत आणणे आणि दरवर्षीचे काम

सफेदीनंतर महिनाभर तरी खोल्या उघड्या ठेवा, मग वस्तू आणा. बाहेरच्या भिंतीला कपाट चिकटवू नका, मागून वारा खेळला पाहिजे. तसबिरींच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा.

दर मे महिन्यात: पन्हळी साफ, फुटकी कौले बदललेली, पिंपळाची रोपे कोवळी असतानाच काढलेली, जोत्याभोवतीची खडी मोकळी. घाटमाथ्यावर पावसाच्या बाजूच्या भिंतींना गवताचे आडोसे बांधायची रीत आहे, ती मोडू नका. तिथल्या पावसात कोणत्याही लेपापेक्षा ते जास्त उपयोगी पडतात. जुळणारी पन्नासेक कौले मागच्या पडवीत उभी करून ठेवा आणि चुन्याचा उरलेला लगदा फेकू नका. वर चार बोटे पाणी राहील असा झाकून ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. पुढच्या टवक्याला तोच वापरा.